नवा बॉयलर तापून सारखा बंद पडतोय? आधी पाणी फिरतंय का ते बघा

ऑक्टोबर संपत आला, घड्याळं तासभर मागं गेली, की मला फोन सुरू होतात. ब्रिटनमधल्या रेडिंग-स्लाव पट्ट्यातली मराठी मंडळी हक्कानं रविवारी सकाळीच करतात. तक्रार ठरलेली: जुना बॉयलर काढून नवा काँबी (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा एकच बॉयलर) बसवला, तीन-साडेतीन हजार पौंड मोजले, आणि आता तो तापून तापून बंद पडतो. स्क्रीनवर कोड येतो, रीसेट दाबलं की थोडा वेळ चालतो आणि पुन्हा तेच. पाठोपाठ ठरलेला प्रश्न: "बॉयलर जास्तच पॉवरचा बसवला का हो?"

कधी कधी तसंही असतं. पण बहुतेक घरांत बॉयलर निर्दोष असतो. त्यानं तयार केलेली उष्णता उचलून न्यायला पाणीच पोचत नसतं. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून शोध घेतलात तर अर्ध्या वेळा कारण तुमचं तुम्हालाच सापडेल, आणि उरलेल्या वेळा निदान इन्स्टॉलरला काय सांगायचं ते कळेल.

थोडा हिशेब मांडतो. पूर्वीच्या बॉयलरमध्ये जाड ओतीव लोखंडाचा गोळा असायचा. पाणी जरा हळू फिरलं तरी तो सहन करायचा. आताच्या बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जाळाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, पाणी असतं जेमतेम दोनेक लिटर. त्याखाली २४ किलोवॉटचा बर्नर पेटला आणि पाणी जागचं हललंच नाही, तर ते दर सेकंदाला जवळजवळ ३ अंशांनी तापतं. म्हणजे ५० वरून ९५ वर जायला पंधरा-सोळा सेकंद. सुरक्षेचा थर्मोस्टॅट तिथं गॅस तोडतो, आणि तोडायलाच हवा. तेच २४ किलोवॉट नीट वाहून न्यायचे, म्हणजे बॉयलरमधून निघणारं आणि परत येणारं पाणी यांत २० अंशांचा फरक राखायचा, तर मिनिटाला साधारण १७ लिटर पाणी फिरायला लागतं. ते १७ लिटर कुठं अडतंय, एवढाच काय तो तपास.

माझे वडील सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यावर बॉयलर अटेंडंट होते. गाळप हंगामात त्यांना डबा द्यायला गेलं की ते भट्टीकडे पाठ करून बसलेले दिसायचे, नजर गेज ग्लासवर. जाळ काय, बगॅस (उसाचा चोथा) टाकला की होतोच. पाण्याची पातळी बघायची, असं ते म्हणायचे. घरातला तीस किलोवॉटचा डबा आणि कारखान्याचा बॉयलर यांची तुलना हास्यास्पद आहे, पण तपासाचा क्रम तोच: पाणी आधी, जाळ नंतर.

हात कुठं लावायचा नाही

बॉयलरचं पुढचं झाकण उघडायचं नाही. आजच्या बहुतेक मॉडेलांत ते नुसतं झाकण नसतं. ज्वलनाची जागा हवाबंद ठेवणाऱ्या सीलचा तो भाग असतो. ब्रिटनमध्ये गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसानंच करायचं हा १९९८ च्या नियमांचा कायदा आहे (कॉर्गी हे आधीच्या यादीचं नाव अजून लोकांच्या तोंडी असलं तरी २००९ पासून ती जागा गॅस सेफनं घेतलीय). ओळखपत्र मागा. मागं उलटून बघा, त्याला कोणत्या कामांची परवानगी आहे ते तिथं लिहिलेलं असतं. मागितल्याचा राग येणारा इंजिनियर घरात नकोच.

गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर पुढचं काहीही वाचत बसू नका. खिडक्या उघडा, मीटरजवळची गॅसची चावी बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन लावा.

आणि रीसेट. एकदा दाबा, फार तर दोनदा. बटण मधेच चालून जातंय म्हणून दिवसभर दाबत राहाल तर सुरक्षेचं साधन तुम्ही स्विचसारखं वापरताय.

कोड खरंच तापण्याचा आहे का

व्हॅलंटवर एफ.२०, आयडियल लॉजिकवर एल१, बॅक्सीच्या बऱ्याच मॉडेलांवर ई११०, आणि वूस्टर बॉशच्या जुन्या ग्रीनस्टारवर ई९, हे तापून बंद पडल्याचे किंवा पाणी न फिरल्याचे कोड. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर मॅन्युअलमध्ये बघा. बॅक्सीवर ई११९ किंवा व्हॅलंटवर एफ.२२ दिसत असेल तर ती प्रेशर कमी झाल्याची खूण. त्याची गोष्ट वेगळी, आणि बहुतेक वेळा सोपी.

कोडच नसेल, बॉयलर चार-पाच मिनिटं चालतो, थांबतो, आपोआप पुन्हा पेटतो, असं असेल तर तो 'ओव्हरहीट' नव्हे. ठरवलेल्या तापमानाला पोचून तो विश्रांती घेतोय. सारखंच होत असेल तर गॅस वाया जातो, पण ते दुखणं निराळं. त्याबद्दल शेवटाकडे बोलतो.

कधी बंद पडतो, ते लिहून काढा

घरी आलो की माझा पहिला प्रश्न हाच, आणि यावर बऱ्याचदा "कधीही पडतो हो" असं उत्तर मिळतं. कधीही पडत नाही. दोन दिवस फ्रिजवर कागद चिकटवा. वेळ, कोड, तेव्हा हीटिंग चालू होतं की कुणी आंघोळीला गेलं होतं, प्रेशर किती, एवढं लिहा.

फक्त हीटिंगवर पडतो आणि गरम पाणी मात्र छान येतं, तर बॉयलरच्या आतला पंप आणि बर्नर बहुधा ठीक आहेत. अडथळा बाहेर, पाइप-रेडिएटरच्या बाजूला आहे. उलट, हीटिंग मजेत चालतं आणि नळ सोडला की पडतो, तर संशय आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरवर (नळाचं पाणी तापवणारा भाग) किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हवर (पाणी रेडिएटरकडून नळाच्या बाजूला वळवणारा). दोन्हीकडे पडतो तर पंप, हवा, तापमानाचा सेन्सर असलं काही. हे तिन्ही निष्कर्ष तुम्ही झाकण न उघडता काढलेत, आणि इन्स्टॉलरचा तासभर वाचवलात.

पेटल्यावर मिनिटाच्या आत पडतो तर पाणी फिरतच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पडतो तर फिरतं, पण अपुरं. हीटिंग बंद झाल्यावर पडतो तर पंपाला मागून चालायची मुभा मिळत नाहीये. रात्री दहानंतरच पडतो तर रेडिएटर एकेक करून मिटतायत.

बॉयलरखालचे दोन पाइप

काँबीच्या खाली पाच पाइप असतात. बऱ्याच मॉडेलांत डावीकडून हीटिंगचा फ्लो (रेडिएटरकडे जाणारा), गरम पाणी, गॅस, थंड पाणी आणि हीटिंगचा रिटर्न (परत येणारा) असा क्रम असतो. पण कंपनीगणिक बदलतो, म्हणून मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. फ्लो आणि रिटर्नला लावायला चिमट्याचे दोन पाइप-थर्मामीटर घ्या, दहा-पंधरा पौंडांत मिळतात. नुसता हात लावणार असाल तर क्षणभरच. ६० अंशांच्या वर तांब्याचा पाइप चटका देतो.

बॉयलर पूर्ण गार असताना हीटिंग सुरू करा आणि बघत राहा. फ्लो भराभर तापला आणि रिटर्न गारच राहिला, तर पाणी अडलंय. दोन्ही जवळजवळ बरोबरीनं तापले आणि लगेच बंद पडला, तर पाणी रेडिएटरपर्यंत न जाता कुठून तरी जवळच्या वाटेनं परत येतंय. आणि ज्याला तुम्ही रिटर्न समजता तोच आधी तापला, तर इन्स्टॉलरनं जोडणी उलटी केली असण्याची शक्यता आहे. हसू नका. जुन्या घरात फरशीखालून येणाऱ्या दोन सारख्या पाइपांवर कुणी नावं लिहून ठेवलेली नसतात. उलट्या जोडणीत कधी कधी रेडिएटरचे व्हॉल्व्हही ठकठक वाजतात.

पाणी अडलंय असं दिसलं तर आधी सर्वांत स्वस्त कारण बघा: बॉयलरखालचे आयसोलेशन व्हॉल्व्ह. खाच किंवा दांडी पाइपच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. बसवताना बंद केलेला व्हॉल्व्ह अर्धवट उघडून माणूस चहाला गेला, असं होतं. फ्लो-रिटर्नचे तुम्ही बघू शकता. गॅसच्या पाइपावरच्या चावीला हात लावायचा नाही.

हवा

गावाकडे विहिरीवरच्या मोटारीनं एअर धरली की ती नुसती फिरते, पाणी उपसत नाही. बॉयलरचा पंपही तसाच. नवा बॉयलर बसवताना सगळी सिस्टीम रिकामी करून ताज्या पाण्यानं भरतात. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, म्हणून पहिले एक-दोन आठवडे हवा काढायला लागणं यात काही बिघाड नाही. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम, किंवा पाइपात खळखळ, ही तिची खूण.

हीटिंग बंद करा, पाणी कोमट होऊ द्या. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेका रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (वरच्या कोपऱ्यातला हवा सोडायचा स्क्रू) किल्लीनं थोडा सैल करा. फुसफुस थांबून पाण्याची धार लागली की घट्ट. खाली पांढरा कप धरा. तो का, ते पुढं सांगतो. हवा काढली की प्रेशर उतरतं. मग फिलिंग लूपनं (सिस्टीममध्ये नळाचं पाणी भरायची जोडनळी) गार असताना १ ते १.५ बारवर आणा आणि लूपच्या दोन्ही चाव्या आठवणीनं बंद करा. गरम झाल्यावर काटा थोडा चढेल, ते बरोबर. ३ च्या आसपास जात असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून पाणी टपकेल. तेव्हा एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी) तपासायला सांगा. हवा महिन्याभरानंतरही येतच असेल, तर कुठून तरी आत शिरतेय किंवा आत गंज चालू आहे.

पांढऱ्या कपातलं काळं पाणी

नव्या बॉयलरच्या दुखण्यांत मला सर्वांत जास्त भेटतं ते हे. लोअर अर्लीसारख्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या वसाहतींत बॉयलर नवा येतो, रेडिएटर मात्र तेच राहतात. तळाशी वर्षानुवर्षं लोखंडाचा काळा गाळ बसलेला असतो. जुन्या पंपाला त्याची सवय झालेली. नवा पंप जोरात, आणि कामाच्या खटपटीत सगळंच हललेलं. तो गाळ निघतो आणि नव्या बॉयलरच्या अरुंद वाटांत जाऊन बसतो. या घरांत मायक्रोबोअरचे, म्हणजे ८ किंवा १० मिलीमीटरचे पाइप असले तर मग विचारूच नका.

कपातलं पाणी काळं आलं, कपाला खालून चुंबक लावल्यावर काळी रेघ ओढली गेली, तर निदान झालं. रेडिएटर वरून गरम आणि तळाशी मधोमध गार, हीही त्याचीच खूण. मॅग्नेटिक फिल्टर बसवलाय का ते बघा, आणि बसवला असेल तर तो इंजिनियरकडून उघडून साफ करून घ्या. ब्रिटिश मानक बीएस ७५९३ प्रमाणे नवा बॉयलर जोडताना सिस्टीम स्वच्छ करणं, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालणं आणि फिल्टर बसवणं अपेक्षित आहे. नुसतं "फ्लश केलंय" म्हणून भागत नाही. कोणतं रसायन आणि किती घातलं, तेही लिहिलेलं असायला हवं. कंपनीची वॉरंटी बहुधा गाळानं झालेल्या बिघाडाला लागू होत नाही. कंपनीचा माणूस येतो, काळं पाणी बघतो आणि भेटीचं बिल देऊन जातो. म्हणून त्या कपाचा फोटो पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

सगळे रेडिएटर बंद करणारं घर

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की हे हमखास. रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या, म्हणून काकू घरभर फिरून रेडिएटरची डोकी, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तापमान ठरवायच्या मुठी, शून्यावर आणतात. हेतू चांगला. पण नऊपैकी एकच रेडिएटर उघडा राहिला तर पंपानं ढकललेलं पाणी जाणार कुठं? स्मार्ट व्हॉल्व्ह बसवलेल्या घरांत हेच काम ॲप करतं, आणि तेही रात्री, सगळे झोपल्यावर.

यासाठी सिस्टीममध्ये ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह असतो. वाटा मिटल्या की तो उघडतो आणि पाण्याला फिरायला वाट देतो. काही बॉयलरांत तो आतच असतो, काहींना बाहेर बसवावा लागतो. आणि बाहेर असला तरी त्याची मूठ चुकीच्या आकड्यावर असेल तर असून नसल्यासारखा. शिवाय ज्या खोलीत रूम थर्मोस्टॅट आहे तिथला रेडिएटर कायम उघडा ठेवायची पद्धत आहे. त्यावर स्मार्ट डोकं बसवू नका.

फुकटातली परीक्षा अशी: घरातले सगळे रेडिएटर पूर्ण उघडा आणि दोन संध्याकाळ तसेच चालवा. बंद पडणं थांबलं, तर रोग बायपासचा आहे. एखादा रेडिएटर डोकं पूर्ण फिरवूनही तापत नसेल तर डोकं काढून आतली पिन बघा. उन्हाळाभर दबून राहिलेली पिन अडकते. बोथट वस्तूनं हलकेच दाबा-सोडा. पकडीनं ओढू नका, पाण्याचं कारंजं उडेल.

भिंतीवरचं बटण

ही सवय खास आपली. गिझर लावायचा, आंघोळ झाली की भिंतीवरचं बटण बंद. जन्मभर तेच केलेलं. इथं आल्यावर बॉयलरशेजारी लाल दिव्याचं बटण दिसतं, आणि हात आपोआप तिकडं जातो.

बर्नर विझला तरी हीट एक्स्चेंजरचा धातू तापलेलाच असतो. ती उष्णता काढून न्यायला पंप आणखी काही मिनिटं चालतो, त्याला पंप ओव्हररन म्हणतात. भिंतीवरचं बटण बंद केलं की पंप तिथल्या तिथं थांबतो, आतलं दोन लिटर पाणी धातूच्या आचेनं उसळतं, आणि पुढच्या वेळी चालू करताच कोड स्वागताला हजर. वर कडाक्याच्या थंडीत बॉयलर स्वतःला गोठण्यापासून वाचवायला अधूनमधून पेटतो, तेही बंद. तेव्हा ते बटण कायम चालू ठेवा. बंद-चालूचं काम थर्मोस्टॅटला आणि टायमरला करू द्या.

तुम्ही बटणाला हात लावत नाही आणि तरीही हीटिंग थांबल्यावरच कोड येतो, तर मात्र वायरिंग बघायला हवं. गरम पाण्याचा सिलिंडर (साठवणीची टाकी) आणि झोन व्हॉल्व्ह (हीटिंगच्या वाटा उघडणारे-मिटणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) असलेल्या घरांत बॉयलरला कायमचा वीजपुरवठा न देता फक्त थर्मोस्टॅटमधून येणारा दिला गेला, तर नेमकं हेच होतं. ते काम इलेक्ट्रिकचं जाणणाऱ्या हीटिंग इंजिनियरचं.

पॉवर खरंच जास्त असेल तर

तीन बेडरूमच्या जोडघराला कडक थंडीतही साधारण ६ ते १० किलोवॉट पुरतात. ३० किलोवॉटचा काँबी बसवतात तो शॉवरला पुरेसं गरम पाणी यावं म्हणून. ते ठीक आहे, पण हीटिंगसाठी तो पूर्ण ताकदीवर सोडायचं कारण नाही. मगाशी म्हटलेलं थांबत-पेटत चालणं बऱ्याचदा यातूनच येतं. अनेक मॉडेलांत हीटिंगची कमाल पॉवर इन्स्टॉलरच्या मेनूतून खाली आणता येते, त्याला रेंज रेटिंग म्हणतात. बऱ्याच घरांत ती फॅक्टरीतून आली तशीच राहिलेली असते. फोन करून विचारा: "हीटिंगची रेंज रेटिंग किती ठेवलीय?" समोरची शांतता पुरेशी बोलकी असते.

तुमच्या हातात आहे ते म्हणजे हीटिंगच्या पाण्याचं तापमान. ७५-८० वर असेल तर काँबीसाठी ६० वर आणा. रेडिएटर तळहात ठेवता येण्याइतपतच तापतील, खोली थोडी सावकाश गरम होईल, पण बॉयलर मर्यादेपासून लांब राहील. परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं की धुरातल्या वाफेतली उष्णताही वसूल होते, ज्यासाठी कंडेन्सिंग बॉयलरचे पैसे मोजले. घरात गरम पाण्याचा सिलिंडर असेल तर मात्र एवढं खाली आणू नका. लेजिओनेला जंतूंमुळे त्यातलं पाणी ६० पर्यंत तापायला लागतं, आणि त्यासाठी बॉयलर त्याहून वर हवा.

इन्स्टॉलरला काय लिहायचं

"बॉयलर चालत नाही, लवकर या" असा मेसेज दहा जणांकडून येतो. तुम्ही फ्रिजवरचा कागद लिहून पाठवा: कोड कोणता, कधी येतो, फक्त हीटिंगवर की नळावरही, गार असताना प्रेशर किती, पेटल्यावर दोन मिनिटांनी फ्लो आणि रिटर्न किती, सगळे रेडिएटर उघडून फरक पडला का, आणि कपाचा फोटो. असा मेसेज वाचणारा इंजिनियर योग्य सामान गाडीत टाकून येतो.

टाळाटाळ झाली तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे काम वाजवी कौशल्यानं झालेलं असायला हवं, आणि झालं नसेल तर ते पुन्हा नीट करून मागायचा हक्क तुम्हाला आहे. बोलणं लेखी ठेवा. दुसऱ्या कुणाला मधेच बोलावून आत हात घालायला लावू नका, मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. भाड्याच्या घरात असाल तर यातलं हवा काढणं आणि रेडिएटर उघडणं एवढंच करा, बाकी घरमालकाचं काम.

बॉयलरच्या मॅन्युअलच्या शेवटी बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. त्यात सिस्टीम धुतल्याची नोंद, इनहिबिटरचं नाव, बायपास बसवलाय का, फ्लो आणि रिटर्नचं तापमान, असे रकाने इन्स्टॉलरनं भरायचे असतात. बरेचदा फक्त सही आणि तारीख सापडते. शेवटचा हप्ता देण्याआधी तो तक्ता उघडून बघा, रिकामे रकाने समोर बसवून भरून घ्या, वॉरंटीची नोंदणी मुदतीत झालीय का ते कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, आणि ते मॅन्युअल मायक्रोवेव्हच्या कागदांबरोबर कोंबू नका. बॉयलरच्याच कपाटात ठेवा, पुढचा इंजिनियर आल्या आल्या तेच मागतो.